वाटी संपेपर्यंत

नंदू जेवत नसे, आणि त्याचा दोष रोज कुणाच्या तरी माथी मारावा लागे. बहुतेक दिवस तो माझ्याच माथी येई, कारण मी घरातली थोरली मुलगी, अकरा वर्षांची, आणि वाटी-चमचा माझ्या हातात दिलेला. आम्ही तिघी बहिणी आणि आमच्या पाठीवर नवसानं झालेला हा मुलगा. आईच्या अंगावर पीत होता तोवर सगळं बरं चाललं होतं. मग उष्टावण झालं, मामानं खीर चाटवली, ती नंदूनं मामाच्या नव्या सदऱ्यावर परत केली, आणि तिथून पुढे अन्न म्हणजे आपल्यावर मुद्दाम केलेला अन्याय अशा थाटात तो जेवायला बसू लागला. त्याच्यासाठी काय काय शिजत नव्हतं! उकड्या तांदळाची पेज फडक्यातून गाळून, मऊ भात तूप-मीठ घालून, नाचणीचं सत्त्व गूळ घालून, राजेळी केळं उकडून आणि मधला काळा दोरा काढून. आम्हा तिघींना केळ्याच्या सालीला चिकटलेलं मिळे, तेसुद्धा आईची पाठ असेल तेव्हा. चमचा त्याच्या ओठापर्यंत जायचा आणि त्याच क्षणी माडावरून चुडत पडायची, कोंबडी ओरडायची, नाहीतर लांब रस्त्यावर एस.टी.चा भोंगा वाजायचा, आणि नंदूची मान तिकडे. घास गालावर, मग कानात, मग माझ्या परकरावर. पोर मंद असतं तर जेवलं असतं. ते हुशार होतं, आणि तोंडवलीसारख्या गावात, जिथं दिवसभर काही म्हणजे काही घडत नाही, त्याला प्रत्येक गोष्ट बघायची होती.

एक घास सांडला की माझ्या पाठीत एक धपाटा, असा आईचा साधा हिशेब होता. "तीन चेडवां मेली फुकटचा खातत, आणि ज्येका खावक होया तो तोंड उघडना नाय," असं म्हणत ती मारायची, आणि मारून झालं की स्वतःच रडायची. मला तेव्हा त्या रडण्याचा रागच येई. आज कळतं की ती घाबरलेली होती. बाबा मुंबईला नोकरीला, दर महिन्याला त्यांचं पत्र यायचं आणि त्यात आम्हा मुलींची नावंसुद्धा नसायची, फक्त नंदूचं वजन किती, दात किती. किनाऱ्यावर रापण ओढली की मासळी घ्यायला जमलेल्या बायका आईच्या कडेवरच्या पोराचं मनगट दोन बोटांत धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "चेडवांनीच सगळा ओढून घेतल्यानी गो, झिलाक काय उरला नाय." मुलगा होईपर्यंत आईला त्या घरात कुणी धड हाक मारली नव्हती. मुलगा गेला असता तर तिचं काय झालं असतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

घरात आणखी एक बाईमाणूस होतं, बाबांची धाकटी बहीण, आमची शालूआते. लहानपणी ताप येऊन तिचा डावा पाय वाळला होता. तो पाय टाकताना ती कमरेतून एकदम खाली जायची, खाली बसतेय की काय असं वाटायचं, आणि मग उजव्या पायावर झोका घेऊन वर यायची. तिच्या चालण्याला आवाज होता, एक धप आणि एक सरक. शेणानं सारवलेल्या जमिनीवरून तो वाळका पाय घासत यायचा. तिचं लग्न झालं नव्हतं. पहाटेचं पाणी भरण्यापासून दुपारची भांडी घासण्यापर्यंत घरातली सगळी कामं तिची होती, आणि बदल्यात ती त्या घरात राहत होती.

त्या दिवशी मी नंदूला मांडीवर घेऊन पडवीत बसले होते आणि पाठीत दोन धपाटे बसून झाले होते. आते विहिरीवरून कळशी घेऊन खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, आली. रिकाम्या हातानं ती एवढी झुकत नसे, पण भरल्या कळशीनं झोका दुप्पट व्हायचा. नंदू एकदम गप्प झाला. डोळे तिच्यावर लागले, खालचा ओठ सुटला आणि तोंड आपोआप उघडलं. मी घास आत टाकला. त्यानं तो गिळला, मान न वळवता. आते आत गेली आणि तोंड मिटलं. ती पुन्हा विहिरीकडे निघाली, तोंड उघडलं. मी ओरडले, "आते गो, परत एकदा जा!"

"काय झाला? पाणी सांडला माझा?" तिनं घाबरून विचारलं.

"नाय गो. तुका बघून नंदू खाता."

ती हसली. मनापासून हसली, हे मला नक्की आठवतं. "माका बघूक इले ते सगळे फोव टाकून गेले," आलेल्या स्थळांच्या पोह्यांवरून ती म्हणाली, "ह्यो पयलोच खाता." आणि तिनं आपणहून रिकामी कळशी कमरेवर घेऊन खळ्यात तीन फेऱ्या मारल्या. वाटी संपली. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं रिकामी वाटी बघितली, आतेच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "शालू, पाणी मगे हाड. आता दर वक्ताक आधी हयसून थय चार फेरे मारीत जा."

असं ते सुरू झालं. दिवसातून तीन वेळा. आते चुलीपाशी असो, गोठ्यात असो, पेजेला बसलेली असो, मी पडवीतून हाक मारायची आणि तिनं हातातलं टाकून यायचं. तिची स्वतःची पेज गार व्हायची. पण मुलाला एकच खेळ किती दिवस पुरणार? पंधरा दिवसांत नुसत्या चालण्याचा त्याला कंटाळा आला आणि मान पुन्हा कोंबड्यांकडे वळू लागली. मग मी आतेला भरभर चालायला लावलं. ते शिळं झालं तेव्हा वासराच्या गळ्यातलं घुंगरू सोडून तिच्या वाळक्या पायाच्या घोट्याला बांधलं. बांधताना तो घोटा माझ्या हातात मावला, एवढा बारीक होता. ती म्हणाली, "मंगले, गुराचा कशाक गो?" मी म्हटलं, "त्येका आवडता." आणि ते खरं होतं. पण मलाही आवडत होतं, हे मी आज इथं लिहून टाकते. ज्या घरात माझ्या शब्दाला कुणी विचारत नव्हतं, तिथं एक मोठी बाई माझ्या हाकेसरशी उठत होती आणि मी 'बस' म्हणेपर्यंत चालत होती. मला धपाटे बसायचे थांबले होते. माझे धपाटे आता तिच्या पायांनी फिटत होते, आणि मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं.

एक दिवस भरभर चालताना घुंगरू दुसऱ्या पायात अडकलं आणि आते खळ्यात गुडघ्यावर पडली. नंदू एवढा हसला, एवढा हसला की त्याला उचकी लागली, आणि त्या हसण्यात मी उरलेली सगळी वाटी त्याच्या पोटात घातली. दुसऱ्या दिवशी तो तिच्या चालण्याकडे बघेना. तिच्याकडे बघून वाट बघत राहिला, तोंड मिटून. आईच्या लक्षात आलं.

"शालू, काल पडलंस तशी पड गो जरा."

"वयनी, गुडघो फुटलो हा."

"मगे दुसऱ्या पायार पड."

ती पडली. त्यानंतर रोज पडू लागली, शेवटच्या फेरीला, हात आधी टेकवून बेतानं. शेजारच्या दोन बायकांनी ऐकलं, मग त्याही आपापली पोरं आणि आपापल्या वाट्या घेऊन आमच्या पडवीत येऊन बसू लागल्या. तीन पोरं ओळीनं बसायची, तीन चमचे तयार. आते पडली की तिन्ही तोंडं उघडायची. बायका म्हणायच्या, "शालूचो पाय कामाक इलो बघ." आई हसायची. नंदूच्या हातापायांना वळ्या पडल्या, गाल सुटले. आईनं माझ्याकडून बाबांना पत्र लिहून घेतलं की मुलगा आता चांगला जेवतो. कशानं जेवतो ते तिनं लिहायला सांगितलं नाही आणि मीही लिहिलं नाही.

परवा पुण्याला मुलीकडे गेले होते. नातवासमोर मोबाइल उभा करून ठेवलेला, त्यात कुठलंतरी रंगीत डुक्कर सारखं धडपडत होतं, आणि डुक्कर पडलं की नातू तोंड उघडायचा. जावईबापू मला म्हणाले, "आई, तुमच्या वेळी हे नव्हतं, किती बरं होतं." पदर तोंडाला लावून आत गेले, तर मुलीला वाटलं मला ठसका लागला.

नंदू चालायला लागला तो चतुर्थीच्या तोंडावर. भिंत सोडून त्यानं पहिली पावलं टाकली तेव्हा घरात मी, आई आणि आते तिघीच होतो. त्यानं उजवा पाय टाकला. मग डावा टाकताना कमरेतून खाली गेला, झोका घेऊन वर आला, डावं पाऊल सरकवत ओढलं. चार पावलं अशी चालला आणि मग आधी हात टेकवून, बेतानं, पडला. पडून त्यानं आमच्याकडे मान वळवली आणि तोंड उघडलं. तो घास मागत होता. त्याला वाटत होतं, चालायचं ते असंच, आणि चाललं की कुणीतरी घास घालतं. आम्हा तिघींना त्या क्षणी सगळं कळलं. आते पुढे झाली तर आई तिच्या अंगावर ओरडली, "हात लावू नको त्येका!" त्या दिवसापासून फेऱ्या बंद झाल्या. आतेनं नंदूसमोर चालायचं नाही, तो खळ्यात असेल तर तिनं मागच्या दारानं जायचं, असं ठरलं. पण नंदू तसाच चालत राहिला.

बाबा चतुर्थीला आले. गणपती पाटावर बसला होता, शेजारच्या घरात आरतीच्या झांजा चालल्या होत्या, आणि बाबा बॅगसुद्धा न ठेवता म्हणाले, "चलता म्हणे माजो झिल? बघया." नंदू चालला. चार पावलं, पडला, तोंड उघडलं. बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आतेचा पाय वाळला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. तिला पाठीवर घेऊन ते शाळेत न्यायचे. त्यांनी तो पाय वाळताना बघितला होता.

"ह्या काय?" त्यांनी विचारलं.

"नवीन चलता," आई म्हणाली. "पाय बसाक नाय अजून."

गणपती विसर्जन झाल्यावर त्याला मालवणला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पाय ताणले, दाबले, गुडघे वाकवले आणि सांगितलं, "हाडात काही दोष नाही. सवय असेल, जाईल." बाबांना त्यानं धीर आला नाही. बहिणीच्या वेळीही असंच काहीतरी सांगितलं होतं म्हणे. आईनं हे ओळखलं आणि तिला वाट सापडली. ती म्हणाली, "हाडात नाय म्हणजे बाधा आसा. देवीक कौल लावया." गावदेवीच्या देवळात आम्ही गेलो. गुरवानं देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबांना वाटलं आई विचारेल, पोर बरं होईल का. आईनं गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं ते असं, की पोराच्या पायाला घरातल्याच माणसाच्या पायाची सावली लागली आहे का. देवीला तरी दुसरं काय सांगता आलं असतं? खरं तेच विचारलं होतं. फक्त ती सावली रोज तीन वेळा आम्हीच त्याच्यासमोर नाचवत होतो, हे कुणी विचारलं नाही. उजवी कळी पडली. आई रडली, बाबांनी नमस्कार केला, आणि आते देवळाच्या पायरीवर बसून होती, तिला कुणी आत बोलावलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी आते आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. तिनं मला जवळ बोलावलं. खोबरं परातीत पडत होतं आणि ती त्याच्याकडेच बघत बोलत होती. "मंगले, दादा, तुजो बापूस, माका इन्सुलीक धाडता म्हणता. तुज्या आवशीच्या माहेरची माणसां आसत थय, त्यांची खानावळ आसा, ट्रकवाल्यांची." मग थांबून म्हणाली, "तू दादाक सांग गो. नंदू माजा बघून चलता, बाधा-बिधा काय नाय. आणखी थोडे दिस मी त्येका चलताना दिसलंय नाय तर आपसूक सरळ चलात."

"तूच सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? गुराचा घुंगरू बांधून घरचीच माणसां माका खळ्यात पाडीत होती म्हणान सांगू? तो मेलो जायत आयकान." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू सांग, बाय. हळू सांग. तुजा तो मानतलो. हया घर सोडून मी खंय जावू गो?"

मी मान हलवली. सांगीन म्हटलं. आणि मला सांगायचंही होतं, अगदी झोपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पडवीत दाढी करत होते. त्यांनी मला आरशातूनच हाक मारली. त्यांच्या गालाला फेस होता. "मंगला, खरा सांग माका. नंदू जेवताना अशी काय नाटकां करता? तोंड उघडून बघता ता काय? त्येका जेवूक घालतंस तू. काय करतास जेवताना?" त्यांनी माझं नाव घेऊन मला काही विचारलं असं माझ्या आठवणीत तोवर कधी घडलं नव्हतं. आई माजघराच्या दाराआड उभी होती. मला तिच्या बांगड्या दिसत होत्या, हात दाराच्या कडीवर. तिनं मला मारलं असतं, हे खरं. पण तेवढ्यासाठीच गप्प राहिले असं लिहिलं तर मी स्वतःला फसवीन. मला भीती वाटली ती वेगळीच. बाबांनी पुढचं विचारलं असतं, घुंगरू कुणी बांधलं. आणि बाबांनी नुकतीच मला नावानं हाक मारली होती.

"काय नाय, बाबा," मी म्हटलं. "चिऊ-काऊ दाखवतंय."

त्यांनी मान डोलावली आणि वस्तरा गालावर टेकवला. दाराच्या कडीवरचा हात खाली गेला. त्या दिवशी दुपारी आईनं मला एक सबंध उकडलेलं केळं दिलं. मी ते खाल्लं.

पुढचं आधीच सांगून टाकते. चार महिन्यांसाठी पाठवलेली आते परत आली नाही. महिन्याभरात नंदू सरळ चालायला लागला आणि आईनं देवीची ओटी भरली. आज तो साठीकडे आला आहे, रोज सकाळी पांढरे बूट घालून तास तासभर चालतो आणि मला फोनवर किती पावलं झाली ते सांगतो. त्याला यातलं काही माहीत नाही. आई गेली तीही मला एका शब्दानं न बोलता. लग्नानंतर मी एकदा नवऱ्याबरोबर गोव्याला जाताना इन्सुलीला उतरले होते. आते खानावळीच्या मागच्या बाजूला भांड्यांच्या ढिगाऱ्यापाशी बसली होती, केस सगळे पांढरे. मला तिनं लगेच ओळखलं. "नंदू जेवता मा?" तिचा पहिला प्रश्न. आम्हाला चहा हवा होता, भांडं चार हातांवर होतं. ती बसल्या जागेवरून फरशीवर सरकत गेली आणि सरकत परत आली. अर्धा तास मी तिथं होते. माझ्यासमोर ती एकदाही उठून चालली नाही.

ती गेली तो दिवस मात्र मला शेवटी सांगायचा आहे. दुपारची गाडी होती. बाबा मुंबईला परत निघाले होते, आधी तिला इन्सुलीला पोचवून मग पुढे जाणार होते. तिची पत्र्याची पेटी त्यांच्या हातात, तिच्या हातात एक पिशवी. आतेनं देवाला नमस्कार केला, आईला केला. नंदूला जवळ घ्यायला हात पुढे केले आणि आईकडे बघून मागे घेतले. नंदू माझ्या मांडीवर पडवीत, नेहमीच्याच जागी. फेऱ्या बंद झाल्यापासून तो पुन्हा जेवेनासा झाला होता, वाटीत मऊ भात तसाच गार होत होता. आते खळ्यात उतरली आणि बेड्याकडे, कुंपणाच्या फाटकाकडे, चालू लागली. धप आणि सरक. पावसाची ओली माती होती, पाय जास्तच ओढत होता. माझ्या मांडीवरचं पोर गप्प झालं. मी खाली बघितलं तर त्याचं तोंड उघडलं होतं.

"घाल," माझ्या मागून आई हळूच म्हणाली. "ती दिसता तवसर घाल."

मी घातला. त्यानं गिळला. दुसरा घातला. बेडं ओलांडून पाणंदीला लागल्यावर आतेनं मागं वळून बघितलं. तिला काय दिसलं असेल ते मला माहीत आहे, कारण माझा चमचा वर होता. ती जागच्या जागी उभी राहिली. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, नुसती उभी. ती हलली नाही. नंदू बघत राहिला, मग त्याचं तोंड मिटलं. मी चमचा तसाच धरून ठेवला. आई माझ्या मागे श्वास रोखून उभी होती. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत होतो, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कळलं की ती आम्हाला नाही म्हणतेय.

बाबा पुढे गेले होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी वळून हाक मारली, "शालू, चल गो. गाडी चुकतली."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पाठ फिरवून चालू लागली. नंदूनं तोंड उघडलं आणि मी घास घातला.